अडलेल्या जागेचा सराव

समजा, विक्रोळीच्या कन्नमवारनगरातील एका लहानशा घरात एक मुलगी पेटी वाजवीत बसली आहे. तीन ओळी सुरेख वाजतात. चौथ्या ओळीत बोट अडखळते. ती पुन्हा पहिल्यापासून आरंभ करते. असे वीस वेळा होते. अखेर पेटी मिटून ती म्हणते, "माझ्या हाताला हे वळणच नाही!"

मुलांनो, दोष तिच्या हाताचा आहे काय? मुळीच नाही. येत असलेल्या ओळी तिने वीस वेळा वाजविल्या, आणि चूकही वीस वेळा गिरविली. चूक पुन्हा पुन्हा वाजविली, की तीही पाठ होते. म्हणून सराव किती केला, यापेक्षा तो कसा केला, याला महत्त्व आहे.

पेटी आणि पियानो ही जणू भावंडेच. पियानो इटलीतील क्रिस्तोफोरी याने १७०० च्या सुमारास घडविला. हार्मोनियमचे एकस्व पॅरिसच्या दबॅं याने १८४२ साली घेतले. पियानोत लहान हातोड्या तारांवर आघात करतात. पेटीत भात्याच्या हवेने धातूच्या पात्या कंप पावतात. परंतु दोहोंच्या एका सप्तकात सात पांढऱ्या व पाच काळ्या पट्ट्या असतात. त्यामुळे पियानो शिकविणाऱ्यांच्या पुष्कळ युक्त्या पेटीलाही उपयोगी पडतात.

पहिले साधन कागद व पेन्सिल. मुंबईत वाळकेश्वर येथे १८६० साली जन्मलेल्या पंडित भातखंडे यांनी सुटसुटीत स्वरलिपी रूढ केली. तीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब आणि तार स्वरावर टिंब असते. गत अशी लिहून घ्यावी व अडणाऱ्या जागेभोवती वर्तुळ काढावे. पियानोवादक अंगठ्याला १ व करंगळीला ५ असे बोटांना आकडे देतात आणि ते स्वरांवर लिहितात. पुष्कळदा स्वर ठाऊक असतो, पण तेथे पोचेपर्यंत मोकळे बोटच उरत नाही! मग चूक त्या स्वराची नसून त्याआधीच्या बोटांची असते. बोटे एकदा ठरविली, की ती बदलू नयेत.

दुसरे साधन लयीचे. १८१५ साली मेल्त्सेल याने मेट्रोनोम या यंत्राचे एकस्व घेतले. त्याच्या दांडीवरील वजन वर सरकविले की ठोके संथ पडतात, खाली आणले की जलद. यंत्र नसल्यास घड्याळाची टिकटिक पुरते. ती मिनिटास ६० वेळा होते. अडलेले चारच स्वर तिच्याबरोबर सावकाश वाजवावेत. ओळीने तीन वेळा निर्दोष वाजले, की मागचा व पुढचा स्वर जोडावा.

शेजारी कोणी अभ्यास करीत असेल, तर भाता न हलविता पट्ट्यांवर बोटे फिरवावीत. पेटी मुकी राहते, पण बोटांना वाट कळते. नंतर एकदा वाजवून ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे व शांतपणे ऐकावे. वाजविताना न जाणवलेली चूक ऐकताना सहज जाणवते.

ऐकणे हेच सर्वांत मोठे साधन होय. थोर पेटीवादक गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) हे पेटी मुख्यतः स्वप्रयत्नाने शिकले. भास्करबुवा बखले यांच्या गायनाचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. पेटीवर फिरणाऱ्या बोटांना मार्ग दाखवितो तो कान.

आता त्या मुलीने पेटी पुन्हा उघडावी. पहिल्या तीन ओळी तिला येतातच. त्या थोडा वेळ बाजूला ठेवाव्यात आणि चौथ्या ओळीतल्या त्या चार स्वरांपासून आरंभ करावा.