जपानी दैनंदिन वाक्प्रयोग आणि मराठी विद्यार्थी

जालन्यालगतच्या औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातील गाडीवाट येथील जिल्हा परिषद शाळेत मुले जपानी शिकत असल्याचे वृत्त २०२० मध्ये आले होते. जपानीतही क्रियापद वाक्याच्या शेवटी येत असल्याने मराठी विद्यार्थी रचनेत फारसा अडखळत नाही. घरातून निघताना आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. जपानी माणूसही ‘इत्ते किमास’, म्हणजे ‘जाऊन येतो’, असेच म्हणतो. तेथे ‘सायोनारा’ म्हणणे विपरीत ठरेल!

खरी अडचण उच्चाराची आहे. ‘ओबासान’ म्हणजे काकू वा मावशी. त्यातील ‘बा’ लांबविला की तीच आजी होते. देवनागरी टिपणांत हा भेद सहसा दिसत नाही. हिरागाना लिपीत मात्र तेथे ‘आ’ हे स्वतंत्र अक्षर येते. म्हणून ती लिपी आरंभीच शिकवावी.