विश्लेषण : मेणवलीची सायकल सहल किलोमीटरवर नव्हे, घड्याळावर का आखावी?

पाऊस ओसरला, की पुणे-साताऱ्याकडील सायकलस्वारांना वाई परिसराचे वेध लागतात. वाईपासून अवघ्या ३ किलोमीटरवर कृष्णेकाठी वसलेले मेणवली, तिथला नाना फडणवीसांचा वाडा, दगडी घाट आणि पुढे धोम धरणाचा जलाशय असा हा रस्ता. अंतर इतके कमी, की आखणी करण्यासारखे काय आहे असेच वाटावे. पण इथल्या बहुतेक फसलेल्या सहलींचे कारण अंतर नसते, चुकलेली वेळ असते.

मेणवलीच का?

नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू (१७४२ ते १८००). मेणवली गाव त्यांना १७६८ च्या सुमारास इनाम मिळाले आणि पुढच्या काही वर्षांत नदीकाठी सहा चौकांचा वाडा उभा राहिला. वाड्यामागून थेट कृष्णेत उतरणारा घाट आहे. घाटावर मेणेश्वराचे आणि विष्णूचे अशी दोन मंदिरे आहेत. पेशवाईच्या कारभाराची कागदपत्रे याच वाड्यात जपली गेली. ‘मेणवली दफ्तर’ या नावाने ती इतिहास अभ्यासकांना परिचित आहेत.

घाटावरची मोठी घंटा मात्र अनेकांच्या नजरेतून सुटते. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा तेथील पोर्तुगीज चर्चमधील घंटा मराठी मुलखात आणल्या गेल्या आणि वेगवेगळ्या देवळांत टांगल्या गेल्या. मेणवलीची घंटा त्यांपैकीच एक. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृतीही आहे. शिवमंदिराच्या आवारातील ही घंटा पाहायला दहा मिनिटे हवीत. फोटो काढून लगेच पॅडल मारणाऱ्यांच्या वाट्याला फक्त ‘स्वदेस’चा घाट येतो. २००४ च्या त्या चित्रपटाचे बरेच चित्रीकरण इथेच झाले होते.

अंतर किती आणि वेळ किती धरावा?

वाईहून मेणवली आणि तिथून धोम असे जाऊन-येऊन साधारण वीसेक किलोमीटर होतात. रस्ता बराचसा सपाट, मधे किरकोळ चढउतार. नेहमी सायकल चालवणारा हे अंतर दीड तासात सहज कापेल. तरीही या फेरीसाठी किमान चार तास राखून ठेवावेत. वाड्यात आणि घाटावर मिळून तासभर जातो. धोमच्या मंदिरांत अर्धा तास, जलाशयाजवळ थोडा विसावा, आणि चहा-नाश्ता वेगळा.

निघण्याची वेळ सकाळचीच हवी, याचे कारण दिशेत आहे. वाईहून धोमकडे जाताना तोंड साधारण पश्चिमेला असते. सकाळी सूर्य पाठीशी राहतो, पांडवगड आणि समोरच्या डोंगररांगा उजळलेल्या दिसतात आणि डोळ्यांवर तिरीप येत नाही. संध्याकाळी हेच उलटे होते. मावळतीचे ऊन थेट डोळ्यांत येते आणि मागून येणाऱ्या वाहनचालकालाही पुढची सायकल नीट दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि नदीकाठी धुके असते, त्या दिवसांत साडेसहाऐवजी सातला निघालेले बरे. धुक्यात पुढे-मागे दोन्ही दिवे चालू असायलाच हवेत.

सुरुवात वाईच्या गणपती घाटावरून करावी. तिथले ढोल्या गणपतीचे मंदिर रास्ते घराण्याने १७६२ मध्ये बांधले. मंदिराची मागची भिंत मुद्दाम माशाच्या आकाराची निमुळती केली आहे, पुराचे पाणी तिच्यावर आदळून दुभंगावे म्हणून. जवळच्या भोगावात वामन पंडितांची समाधी आहे, तिथेही थोडी वाकडी वाट करता येते. धोमला नरसिंहाचे आणि शंकराचे मंदिर आहे. शंकरासमोरचा नंदी कासवाच्या पाठीवर बसवलेला आहे. लहान मुले सोबत असतील, तर गड-किल्ल्यांपेक्षा हा नंदीच त्यांच्या अधिक लक्षात राहतो.

सर्वांत सुंदर महिनेच सर्वांत धोक्याचे का?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा इथला देखणा काळ. नदीला पाणी असते, उसाला तुरे आलेले असतात, पुढे हळद काढणीला येते आणि ती शिजवल्याचा वास शिवारभर पसरतो. नेमका हाच काळ साखर कारखान्यांच्या गाळपाचा. ऊसतोड सुरू झाली, की अरुंद रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर धावू लागतात. भरलेल्या ट्रॉलीतून ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. चालकाला मागचे दिसत नाही, गाण्याच्या आवाजात सायकलची घंटी ऐकू येत नाही आणि अनेक ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टरही नसतात.

या ट्रॉलीला ओलांडून जाण्याचा मोह टाळणे हा पहिला नियम. पहिली ट्रॉली पार केली तरी दुसरी बाजूला असतेच, आणि वळणावर ती आतल्या बाजूला सरकते. सायकलस्वार नेमका तिथेच अडकतो. समोरून ट्रॉली आली, तर रस्त्याच्या कडेला उतरून थांबावे, अर्धे मिनिट जाते. या हंगामात सूर्यास्तानंतर या रस्त्यांवर सायकल चालवूच नये. गटाने जाणाऱ्यांनी आठ-दहा जणांच्या तुकड्या कराव्यात आणि एकामागे एक राहावे. तीस जणांची रांग गावातल्या रस्त्यावर ना स्वतः सुरक्षित राहते, ना दुसऱ्याला वाट देते.

पावसाळ्यात जावे का?

जून ते सप्टेंबरमध्ये खोरे हिरवेगार असते, पण पश्चिमेचा वारा धोमकडे जाताना छातीवर येतो. परतताना तोच पाठ राखतो, म्हणून दम जाताना राखून ठेवावा. खरी अडचण पाण्याची. धोम धरणातून विसर्ग सुरू झाला, की खालच्या पात्रात पाणी वेगाने वाढते आणि वाईचे घाट पाण्याखाली जातात. मेणवलीच्या घाटावर शेवाळाने पायऱ्या निसरड्या होतात. विसर्गाच्या सूचना जलसंपदा विभाग आणि जिल्हा प्रशासन देत असते, त्या पाहूनच निघावे. पाणी शांत दिसते म्हणून धरणाखालच्या पात्रात उतरणे, हा पावसाळ्याबाहेरही वेडेपणाच.

फोनमधील नकाशावर विसंबून राहण्यातही एक गोम आहे. कालव्याच्या कडेने जाणारी वाट नकाशाला रस्ता वाटते. ती मुळात कालव्याच्या देखभालीसाठी असते. कठडा नसतो, अस्तर गुळगुळीत असते आणि आत पडलेल्याला बाहेर येणे कठीण जाते. शेतवाटांवर बाभळीचे काटे तर असतातच. जादा ट्यूब, पंप आणि पंक्चरचे साहित्य सोबत असावे. वाईत सायकल भाड्याने मिळेल असे गृहीत धरून निघू नये.

पसरणी घाट याच दिवशी करावा का?

बरेच उत्साही सायकलस्वार मेणवली उरकून थेट पाचगणी गाठायचे ठरवतात. वाई ते पाचगणी साधारण १२ किलोमीटर आणि या अंतरात सुमारे ५५० ते ६०० मीटर चढाई आहे. चढ फार अंगावर येणारा नसला तरी सलग आहे. सवय असलेल्याला तास-सव्वा तास, नवख्याला दोन तास. शनिवार-रविवारी महाबळेश्वरकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते, तेव्हा अरुंद वळणांवर सायकलला जागाच उरत नाही. घाट करायचाच असेल तर तो वेगळ्या दिवशी, शक्यतो मंगळवार ते गुरुवार, आणि पहाटे. वर सिडने पॉइंटवरून कृष्णेचे खोरे, धोमचा जलाशय, कमळगड आणि पांडवगड एका नजरेत येतात. आदल्या दिवशी जिथून गेलो तो रस्ता वरून ओळखण्यात वेगळीच मजा आहे. उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नयेत, रिम तापते. थोडे दाबावे, सोडावे, पुन्हा दाबावे.

कोणते दिवस टाळावेत?

पौष पौर्णिमेला मांढरदेवच्या काळूबाईची यात्रा भरते. त्या काळात वाई आणि मांढरदेवचे रस्ते भाविकांनी भरून जातात. रंगपंचमीला बावधनचे बगाड असते आणि वाई-सातारा मार्गावरची वाहतूक विस्कळीत होते. ज्यांना बगाड पाहायचे त्यांनी जरूर जावे, पण सायकल मुक्कामी ठेवून. उरलेल्या वर्षात रविवारपेक्षा आठवड्यातला कोणताही दिवस चांगला.

गावाच्या पदरात काय पडते?

हा प्रश्न सहल आखणारे सहसा विचारत नाहीत. पाणी घरून, नाश्ता हायवेवर, जेवण पाचगणीत, अशा फेरीतून मेणवलीच्या वाट्याला फक्त गर्दी येते. चहा, पोहे, उसाचा रस, घरची हळद या गोष्टी गावातच घेतल्या तर खर्च तेवढाच होतो, पैसे मात्र गावात राहतात. मोठ्या गटाने आदल्या दिवशी फोन करून जेवण सांगितले तर एखाद्या घरी पिठले-भाकरीची सोय होऊ शकते. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानुसार शेतकऱ्याला नोंदणी करून पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाची व्यवस्था करता येते. वाई परिसरात मुक्काम शोधताना अशी नोंदणीकृत ठिकाणे आधी पाहावीत.

वाडा खासगी मालकीचा आहे, सरकारी स्मारक नाही. तो कधी उघडा असेल हे आधी विचारून घ्यावे आणि दार बंद दिसले तर हुज्जत घालू नये. आतील भित्तिचित्रांना हात लावू नये, फ्लॅश मारू नये. घाट हा गावाच्या रोजच्या वापरातला आहे. सकाळी बायका कपडे धूत असतात, कधी दशक्रिया विधी चालू असतो. अशा वेळी ड्रोन उडवणे किंवा विचारल्याशिवाय फोटो काढणे गावकऱ्यांना खटकते, आणि ते रास्तच आहे. सायकली पायऱ्यांवर न आणता वरच्या मोकळ्या जागेत लावाव्यात, क्लीटचे बूट तिथेच काढावेत. त्या बुटांनी झिजलेल्या दगडावर पाय घसरतो तो वेगळाच.