दुकानाचा आराखडा: मंजुरी नेमकी कशाची?

फ्रँचायझी (दुसऱ्याच्या नाममुद्रेखाली, ठरलेल्या अटींवर चालवायचे दुकान) घेणाऱ्याला सहसा काम सुरू करण्यापूर्वी दुकानाचा आराखडा मूळ कंपनीकडून मंजूर करून घ्यावा लागतो. ही मंजुरी मिळाली म्हणजे सरकारी परवानगीचेही काम झाले, असे अनेकांना वाटते. ते स्वाभाविक आहे, कारण दोन्हीकडे शब्द ‘मंजूर’ हाच असतो. पण कंपनी पाहते ती काउंटरची जागा, रंग, दिवे, यंत्रांची मांडणी, म्हणजे दुकान आपल्या नावाला शोभते का, एवढेच. लग्नपत्रिकेचा मजकूर घरच्यांनी पसंत केला म्हणून कार्यालयाची तारीख पक्की होत नाही, तसेच हे.

जागेचा वापरबदल (निवासी गाळ्यात दुकान काढणे वगैरे) आणि बांधकामातील मोठे फेरफार यांना स्थानिक नियोजन प्राधिकरणाची, बहुधा महानगरपालिकेची किंवा नगरपरिषदेची, परवानगी लागते. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्न परवाना किंवा नोंदणी वेगळी. जागामालकाची लेखी संमतीही वेगळी.

महाराष्ट्रात नामफलकाकडे विशेष लक्ष द्यावे. दुकानांविषयीच्या राज्याच्या कायद्यातील 2022 च्या दुरुस्तीनंतर 10 पेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीतील मराठी फलक बंधनकारक आहे. मराठी अक्षरे आधी हवीत आणि इतर भाषेतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत. परराज्यात बेतलेल्या नमुन्यात हे नसेल, तर फलक बनवायला टाकण्यापूर्वीच कंपनीकडून बदल लेखी मंजूर करून घ्यावा. परस्पर बदललेला फलक कायद्यात बसला तरी करारात बसेलच असे नाही, आणि दुसऱ्यांदा होणारा खर्च बहुतेक वेळा दुकानचालकाच्याच माथी येतो.