डाळिंबाला भोक पाडणारे दोन पतंग

शिरूर-दौंडकडच्या बागेत पावसाळ्यात पिकत आलेल्या डाळिंबावर टाचणीने टोचल्यासारखे भोक दिसते. दाबले की रस येतो, मग भोवतीची साल सडते आणि फळ गळते. फोडून पाहावे तर आत अळी नाही.

पहिली गफलत इथेच होते. भोक मोठे असून त्यातून विष्ठा बाहेर आलेली असेल, तर ते सुरसा अळीचे काम. बारीक भोक मात्र रस शोषणाऱ्या पतंगाचे. बहुतेक पतंगांची सोंड मऊ असते. याची टणक, टोकाशी काटेरी असते आणि ती सालीतून आरपार जाते.

अंधार पडल्यावर आपण टॉर्च घेऊन बागेत जावे. उजेड फळांवर टाकावा. पतंगाचे डोळे लालसर चमकतात. दिवसा शोधणे जवळजवळ फुकट, कारण मिटलेले पुढचे पंख हुबेहूब वाळक्या पानासारखे दिसतात.

आपल्याकडे यात मुख्यतः दोन जाती येतात: युडोसिमा मॅटर्ना आणि युडोसिमा फॅलोनिया. पंख पसरले की दोन्ही साधारण ८ ते १० सेंटिमीटर भरतात. ओळख पुढच्या पंखांवरून करू नये. नर आणि मादीची नक्षीच वेगळी असते, त्यामुळे एकाच जातीच्या जोडीला लोक दोन जाती समजतात.

मागचा पंख हलकेच उघडावा. दोन्हींत तो झगझगीत नारिंगी-पिवळा, कडेला काळी पट्टी. मधोमध गोल काळा ठिपका असेल तर मॅटर्ना. वाकडा, स्वल्पविरामासारखा मोठा काळा डाग असेल तर फॅलोनिया. जुन्या पुस्तकांत हीच फॅलोनिया ‘ओथ्रिस फुलोनिया’ म्हणून भेटते. ती तिसरी जात नव्हे.

अळ्या डाळिंबावर वाढतच नाहीत. त्या बांधावरच्या, कुंपणावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर असतात. अंगावर डोळ्यांसारखे मोठे ठिपके, त्यामुळे बघणारा दचकतो. बागेलगतच्या वेली काढाव्यात. गावभरची गुळवेल उपटणे मला पटत नाही, आणि तसे केले तरी पतंग लांबून उडत येतातच.

फवारणीवर फार भिस्त ठेवू नये. पतंग रात्री येतो, रस पिऊन निघून जातो. फळांना पिशव्या बांधणे खर्चाचे, पण खात्रीचे. गळलेली फळे रोज वेचून पुरावीत. आंबलेल्या वासावर आणखी पतंग येतात.