जळणासाठी चेन सॉ घेताना

खानापूर, चंदगड, आजरा किंवा पलीकडची सत्तरी, या पट्ट्यात गॅस घरोघरी आला तरी जळण सुटलेले नाही. आंघोळीचा बंब, मागच्या दारची चूल, गणपतीत आणि लग्नकार्यात पेटणारे चुलवण, गुरांच्या आंबोणाचे भांडे, हे सगळे बऱ्याच घरांत अजून लाकडावरच चालते. शिमगा झाला की लाकडे तोडायची, फोडायची, उन्हात खडखडीत वाळवायची आणि मिरग निघायच्या आत पडवीत रचून टाकायची, हा क्रम ठरलेला. ओले जळण म्हणजे चार महिने डोळ्यांतून पाणी आणि भिंतीवर काजळी, हे चुलीपुढे बसणाऱ्या बाईला कोणी सांगायला नको.

बदलले आहेत ते हात. कुऱ्हाड चालवणारे गडी गवंडीकामाला गोव्यात गेले, कोणी बेळगावच्या फौंड्रीत लागले. तासावर येणारा मशीनवाला गावाला एक, आणि त्याची पाळी येईपर्यंत वळिवाने लाकडे भिजवलेली असतात. म्हणून आता गावोगाव घरचे मशीन घेण्याकडे कल आहे. यंदा काजूचे पैसे हातात आल्यावर आमच्या घरीही हा विषय निघाला. मशीन चालवणार दीर आणि पुतण्या, पण जळण जाळते मी. त्यामुळे खरेदीत मीही तोंड घातले, आणि दोन-तीन दुकाने हिंडून, पुस्तिका वाचून जे कळले ते इथे मांडते.

दुकानात शिरल्याबरोबर पहिला प्रश्न येतो, “किती सीसीची दाखवू?” साधारण ३०-३५ सीसीचे मशीन फांद्या छाटायला, बागेतल्या किरकोळ कामाला. ६० सीसीच्या पुढची मशीन रोज झाडे पाडणाऱ्या व्यावसायिकांची. घरच्या वर्षाच्या जळणासाठी मधला गट, म्हणजे ४५ ते ५५ सीसी, पुरून उरतो. स्टीलचे एमएस २५० हे ४५.४ सीसीचे, हुस्कवर्नाचे ४५० हे ५०.२ सीसीचे, असे नमुने या गटात येतात. ताकद तीन अश्वशक्तीच्या आगेमागे, वजन पट्टी, चेन आणि तेल सोडून साडेचार ते साडेपाच किलो. सगळे भरून हातात घेतले की सहा-सात किलो होतात. दुकानात दोन मिनिटे उचलून बघताना ते हलकेच वाटते. कमरेत वाकून तासभर ओंडके कापणाऱ्याला विचारा.

पुतण्याचे मन ५८ सीसी, २२ इंची पट्टीच्या मशीनवर बसले होते. “काकी, किंमत बघ की, कंपनीच्या मशीनच्या चौथ्या हिश्श्यात येतंय,” म्हणाला. भावोजींचेही तेच, “वहिनी, घ्यायचं तर मोठंच घेऊ, पुन्हा पुन्हा कोण घेतंय?” बाजारात अशी स्वस्त मशीन सात-आठ हजारांपासून मिळतात, हे खरे आहे. मी त्यांना एवढेच म्हटले, आधी आपली लाकडे मोजू.

हे मोजणे प्रत्येकाने करावे असे मला वाटते. झाडाला टेप गुंडाळायचा आणि घेराला तीनने भागायचे, म्हणजे जाडी कळते. तीन फूट घेर म्हणजे साधारण एक फूट जाडी. आमच्या बांधावरची आकेशिया, पडलेले जांभूळ, छाटलेल्या आंब्याच्या फांद्या, सगळे मोजले तर बहुतेक लाकूड फुटाच्या आतले निघाले. फक्त जुन्या काजूचे दोन बुंधे दीड फुटाचे. १६ इंची पट्टीने फुटाचे लाकूड एका दमात कापते आणि दीड फुटाचा बुंधा दोन बाजूंनी कापून मोकळा होतो. मग वर्षातून दोन बुंध्यांसाठी बाकीचे सगळे दिवस २२ इंची पट्टी पेलायची कशाला? पट्टी लांब तेवढी चेन लांब, इंजिनावर भार जास्त आणि टोक नजरेआड. वाळलेल्या चिंचेत किंवा जांभळात अशी लांब पट्टी घातली की मशीन गुदमरते.

दुसरा हिशेब कापांचा. बारा फुटी ओंडक्याचे फूट-फूट तुकडे करायचे तर अकरा काप, दीड फुटाचे करायचे तर सात. आमच्या चुलीला दीड फूट चालते, पण बंबाच्या नळीत आखूड आणि बारीक ढलप्याच लागतात. म्हणजे आपले काम हे थोड्या जाड कापांचे नसून पुष्कळ बारीक कापांचे आहे. अशा कामाला ताकदीपेक्षा हलकेपणा आणि कमी कंप महत्त्वाचा. चांगल्या मशीनमध्ये मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये स्प्रिंग किंवा रबर असते. ते नसले की संध्याकाळी बोटे बधिर होतात.

आता सगळ्यात महत्त्वाचे. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा फिरत्या चेनसह एखाद्या फांदीला किंवा मागच्या ओंडक्याला टेकला, तर पट्टी पापणी लवायच्या आत उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. चेनचा वेग सेकंदाला २० मीटरच्या आसपास असतो, तेव्हा माणसाला सावरायला वेळच मिळत नाही. त्यासाठी पुढच्या मुठीसमोर ढालीसारखा दांडा असतो, तो चेन ब्रेक. मशीन उसळले की तो चेन जागच्या जागी थांबवतो. दुकानात मशीन सुरू करून हा ब्रेक खरोखर लागतो का ते दाखवायला सांगावे. एका दुकानात आम्हांला दाखवलेल्या स्वस्त मशीनचा दांडा पुढे ढकलला तरी चेन फिरतच होती. दुकानदार म्हणाला, “ते नंतर टाइट करून देतो.” पुतण्याचा चेहरा तिथेच उतरला. स्वस्त ते सगळेच वाईट असे मी म्हणणार नाही. पण ब्रेक, चेन तुटली तर अडवणारा खिळा आणि अंगठ्याखालचा कुलुपाचा खटका, या तीन गोष्टी चालत नसतील तर ते मशीन फुकट दिले तरी घरात आणू नये.

शेवटी आम्ही ४५ सीसीचे, १६ इंची पट्टीचे मशीन घेतले. मोठे मशीन न घेतल्याने जे पैसे उरले त्यांतून जाळीचे हेल्मेट, कानाची झाकणे आणि पायांवर बांधायचे संरक्षक कापड घेतले. या कापडाच्या आत लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागली की ते धागे ओढले जाऊन चाकात अडकतात आणि चेन थांबते. भावोजींनी आधी नाक मुरडले, “उन्हाळ्यात हे घालून शिजायचं का?” मी सांगितले, कापड बांधल्याशिवाय मशीनची दोरी ओढायची नाही, नाहीतर बंब तुमचा तुम्ही पेटवा. कानांचेही तसेच, या मशीनचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी शंभर डेसिबलच्या वर जातो. आणि गळ्यातला टॉवेल? तो खुंटीला. लुंगीसुद्धा.

सुट्या भागांची चौकशी घेण्याआधी करावी. चेन, पट्टी, दोरी, फिल्टर, कार्बोरेटरचे पडदे बेळगावात किंवा कोल्हापुरात मिळतात का, आणि दुरुस्ती करणारा कोण, हे विचारले म्हणजे निम्मी नावे आपोआप गळतात.

इंधनाचे पथ्य कडक आहे. हे टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे पेट्रोलमध्येच तेल मिसळायचे. कंपनीने ५० ला १ सांगितले असेल तर पाच लिटर पेट्रोलला १०० मिली चांगले टू-टी ऑइल, २५ ला १ सांगितले असेल तर २०० मिली. अंदाजाने, डोळ्याने ओतणे नको. पिस्टन एकदा चिकटला की मशीनच्या निम्म्या किमतीचे काम निघते. हल्ली पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात पाण्याला तोटा नाही. आपल्या मशीनला ते किती चालते हे पुस्तिकेत पाहावे, लागेल तेवढेच मिसळावे आणि महिनाभराच्या आत संपवावे. चेनच्या तेलाची टाकी वेगळी असते. पेट्रोल भरताना दर वेळी तीही भरायची. काळे, वापरलेले गाडीचे ऑइल त्यात ओतणारे पुष्कळ आहेत, त्यातला लोखंडी कीस पट्टी आणि पंप दोन्ही खातो.

चेनला धार आहे की नाही हे भुशावरून कळते. जाडसर ढलपे उडत असतील तर धार आहे, पिठासारखी भुकटी पडू लागली की थांबून कानस घ्यावी. ०.३२५ पिचच्या चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते, लहान मशीनच्या बारीक चेनला ४ मिलिमीटरची. प्रत्येक दाताला सारख्याच घासण्या, एकाच दिशेने. ओंडका मातीत लोळवून कापला, किंवा वारूळ लागलेले लाकूड घेतले, तर धार दोन मिनिटांत जाते. म्हणून आमच्याकडे आता दोन फुल्यांचा लाकडी घोडा केला आहे, त्यावर ओंडका ठेवूनच कापतात. कंबरही वाचते.

मशीन घरचे झाले म्हणून झाड मात्र मनास येईल तसे पाडता येत नाही. कर्नाटकात १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोडीचा, गोव्यात १९८४ चा. कर्नाटकात निलगिरी, सुरू, सिल्व्हर ओक अशा काही जातींना सूट आहे. बाकीच्या झाडांना, ती स्वतःच्या बांधावरची असली तरी, वन खात्याची परवानगी लागते.

आमचे जळण यंदा मे महिन्याच्या मध्यालाच पडवीत लागले. जाड फोडी खाली, बंबाच्या ढलप्या दाराजवळ, आकेशिया एका बाजूला आणि धुरकट जळणारा आंबा दुसऱ्या. मिरगाच्या आदल्या दिवशी भावोजींनी टाकी रिकामी केली, मशीन सुरू करून कार्बोरेटरमधले उरले-सुरले पेट्रोल जाळून टाकले, एअर फिल्टर धुऊन वाळवला, चेन काढून तेलाच्या डब्यात बुडवली आणि सगळे माळ्यावर चुलीच्या वरच्या उबेला ठेवले.