फेडीचा आकडा

बँकेच्या कर्ज विभागात रिव्हर्स मॉर्गेज मुदतीआधी फेडायची चौकशी करणारे ज्येष्ठ बहुधा एकटेच येतात. मुलांना या कर्जाचा पत्ताच नसतो. ‘घरी पत्र पाठवू नका हं,’ हे आधी सांगतात, रकमेचं मग विचारतात.

कोथरूडचे एक निवृत्त शिक्षक असेच आले होते. घर तारण ठेवून बँकेकडून महिना दहा हजार घेतलेले, सात वर्षं. त्यांच्या मते देणं आठ लाख चाळीस हजार आणि वर थोडं व्याज. मी कागद पुढे ओढला. दर 10 टक्के, आकारणी दरमहा. पहिल्या दहा हजारांवर सात वर्षांचं व्याज चढलेलं, शेवटच्यावर जवळजवळ काहीच नाही. शिवाय व्याजावर व्याज. बेरीज 12 लाख 10 हजारांच्या आसपास गेली.

“रोज किती वाढतंय?”

“साधारण 330 रुपये, सर.”

“आणि पंधरा वर्षं चालू ठेवलं तर?”

हाती येणार 18 लाख, देणं साडेएक्केचाळीस लाखांच्या घरात. गणित शिकवलेल्या माणसाने ते स्वतः पुन्हा करून पाहिलं.

हा अंदाज झाला. खरा आकडा बँकेच्या लेखी पत्रातला, आणि तो ठरावीक तारखेपुरताच. त्यानंतर उशीर केलात तर दिवसागणिक व्याज वाढणार. घराचा विमा किंवा मालमत्ता कर बँकेने भरला असेल, तर तोही खात्यात धरलेला असू शकतो. म्हणून नुसती रक्कम न मागता पूर्ण उतारा मागा, असं मी प्रत्येकाला सांगतो. दंडाची भीती मात्र नको. नॅशनल हाऊसिंग बँकेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुदतीआधी फेडल्याचा दंड लागत नाही. ही गोष्ट ऐकून सरांनी पहिल्यांदा पाणी मागितलं.

वडील गेल्यावर न्यू जर्सीहून आलेल्या एका मुलीला तर नातेवाइकांनी फ्लॅट बँकेचा झाला असंच सांगितलं होतं. तसं नसतं. देणं चुकवून घर सोडवण्याची पहिली संधी वारसांची. आणि समजा कर्ज घराच्या किमतीपेक्षा जास्त झालं, तरी बँकेची वसुली घर विकून हाती येणाऱ्या रकमेपुरतीच. वारसाच्या पगाराला हात लागत नाही. ती आधी हेच विचारायला घाबरत होती. मग तिने शांतपणे व्याजाचा दर विचारला आणि मी नवा कागद घेतला.