तेलताडाचा आफ्रिकेत राहून गेलेला सोबती

१८४८ साली जावा बेटावरच्या बोगोर वनस्पती उद्यानात तेलताडाची चार रोपे लागली. झाड मूळचे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या जंगलांतले. आग्नेय आशियात ते छान रुजले आणि १९१७ मध्ये मलायात त्याची व्यापारी लागवडही सुरू झाली. पण घड पुरेसे भरत नसत. तेलताडाच्या एकाच झाडावर नर आणि मादी फुलोरे आलटून पालटून येतात, त्यामुळे पराग एका झाडाकडून दुसऱ्याकडे जावाच लागतो. हे काम वारा करतो, असा समज होता. तो पुरा पडेना, म्हणून मळेवाले मजुरांकरवी फुलोऱ्यांवर पराग उडवून घेत.

मूळचे पाकिस्तानचे कीटकशास्त्रज्ञ रहमान सईद यांनी उत्तर शोधले ते झाडाच्या माहेरी, कॅमेरूनमध्ये. तिथे फुलोऱ्यांवर 'एलिडोबियस' या चिमुकल्या सोंडकिड्यांची झुंबड असे. कीटकांना अडवून केवळ वारा पोचू दिला, तर फळधारणा फारच थोडी होते, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले.

या नात्याची रचना विलक्षण आहे. उमललेला नर फुलोरा बडीशेपेसारखा वास सोडतो. सोंडकिडे तिथे पराग खातात, अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या कोमेजल्या नरफुलांवर पोसल्या जातात. मादी फुलोराही तसाच वास सोडतो, पण कीटकाला तिथे ना पराग मिळतो ना पिलांसाठी जागा. वासाला भुलून तो येतो, अंगावरचा पराग सांडतो आणि निघून जातो. एक फुलोरा पोसतो, दुसरा फसवतो; या दोन्हींतून फळ धरते.

हा कीटक इतर पिकांना अपाय करत नाही, याची खात्री करून १९८१ मध्ये तो मलेशियात सोडला गेला. थोड्याच काळात मजुरांकरवी पराग उडवण्याची गरज उरली नाही. १९८५ मध्ये तो केरळातही आला. कोकणातल्या बागायतदाराला सोंड्या भुंगा माहीत आहे तो माडाचा शत्रू म्हणून. त्याचाच हा दूरचा भाऊबंद तेलताडाचा पोशिंदा आहे.

तेलताड अपवाद नाही. ताडकुळात सुमारे अडीच हजार जाती आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ अँड्र्यू हेंडरसन यांनी १९८६ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा वाऱ्याचा जुना समज मोडीत निघाला. भुंगेरे, मधमाश्या आणि माश्या हेच ताडांचे प्रमुख परागवाहक ठरले. काही जातींचे फुलोरे तर वास दूरवर पसरावा म्हणून स्वतः तापतात.

तेलताडाचे तेल, म्हणजे पाम तेल, जगात सर्वाधिक आयात करणारा देश आपलाच. आपल्या फराळाच्या कढईपर्यंत येणाऱ्या या तेलामागे आफ्रिकेच्या जंगलातल्या एका कीटकाचे श्रम आहेत. २०२१ मध्ये केंद्राने तेलताडाच्या विस्ताराचे अभियान मंजूर केले, त्यात ईशान्य भारत आणि अंदमानवर भर आहे. तिथली जंगलेही अशाच, आपण अजून नीट न अभ्यासलेल्या नात्यांवर उभी आहेत. झाडाची रोपे बोटीतून आणता येतात. त्याचे सोबती जंगल तुटल्यावर कुठून आणणार? म्हणून लागवड वाढवायचीच असेल, तर ती आधीच मोकळ्या झालेल्या जमिनीवर व्हावी, उभ्या जंगलाच्या जागी नव्हे.